थरथर

हे हेलिकॉप्टर हवेत राहतं सहा मिनिटं. वारा पडलेला असेल, बॅटरी ताजी असेल आणि मी ते नुसतं एका जागी तरंगत ठेवलं, तर सात. मग उतरवायचं, बॅटरी काढून सावलीत निवत ठेवायची आणि घरचा रस्ता धरायचा. त्या सहा मिनिटांच्या मागेपुढे जे काही असतं ते टेबलावर. स्क्रू उघडणं, पुसणं, दांडे सरळ आहेत का बघणं, पात्यांची वजनं, पट्ट्याचा ताण, कुठल्या तरी तीन मिलिमीटर भोकाच्या बेअरिंगची कुरकुर. हिशेब मांडायला बसलं तर उडणं हा या छंदातला किरकोळ भाग ठरेल. मला तो तसा ठरलेलाच बरा वाटतो. उडवणं म्हणजे केलेल्या दुरुस्तीची परीक्षा, आणि परीक्षा रोज द्यावीशी कुणाला वाटते?

मुळात ते माझं नव्हे, भाच्याचं. तो पुण्यात शिकायला होता. पुण्यात सदानंद काळे यांनी मॉडेल विमानांची प्रात्यक्षिकं करून कित्येक पोरांना या नादाला लावलंय. त्यात आमचाही एक. त्याने कुणाकडून तरी जुनं हेलिकॉप्टर विकत घेतलं. तैवानच्या अलाइन कंपनीच्या टी-रेक्स ४५० च्या जातीचं, सव्वातीनशे मिलिमीटर लांबीची दोन पाती, बॅटरीसकट वजन आठशे ग्रॅमच्या आसपास. पुढे नोकरीसाठी परदेशी निघाला तेव्हा खोकं घेऊन माझ्याकडे आला. ‘मावशी, माळ्यावर टाकून दे नुसतं,’ म्हणाला. मी दातांची डॉक्टर. नंदुरबारला माझा दवाखाना आहे. बारीक स्क्रू, बारीक बेअरिंगं आणि बारीक चिमटे असलेलं खोकं माझ्यासारखीच्या माळ्यावर टाकून देणं हा त्या पोराचा भोळेपणा होता की डाव, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या हातात दिवसभर जो एअरोटर असतो तो वाऱ्याच्या झोताने मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. त्याची बेअरिंगं मुगाच्या दाण्याएवढ्या खोबणीत बसतात. ती जायला लागली की आवाजात एक खरखर येते; रुग्णाला कळण्याच्या कितीतरी आधी ती माझ्या बोटांना लागते. त्यामुळे हेलिकॉप्टरचा मुख्य पंखा मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेतो हे वाचलं तेव्हा मी मनात हसले होते. अठ्ठावीसशे म्हणजे आमच्या धंद्यात झोपाळूपणाच! मग एका रात्री वही घेऊन आकडेमोड केली आणि हसू मावळलं. पात्याचं टोक मध्यापासून साधारण पस्तीस सेंटिमीटरवर. अठ्ठावीसशे फेऱ्यांना त्या टोकाचा वेग निघाला ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या घरात. एक पातं जेमतेम अठ्ठावीस ग्रॅमचं. पण फिरताना ते स्वतःला बाहेर खेचतं ते चाळीस-पन्नास किलोच्या जोराने. आठशे ग्रॅमच्या यंत्रात, दोन्ही बाजूंनी, एवढा ओढा. आणि तो पेलायचा कुणी? पेन्सिलीच्या शिशाहून थोड्या जाड स्क्रूने आणि दोन थ्रस्ट बेअरिंगांनी.

या आकडेमोडीतली पुढची ओळ मला सराफ बाजारात घेऊन गेली. दोन पात्यांच्या वजनात एक दशांश ग्रॅमचा फरक असेल, तर फिरताना त्याचे होतात दीडशे ग्रॅमहून जास्त, आणि एवढा धक्का सेकंदाला सत्तेचाळीस वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेने. घरच्या काट्यावर हे कळणार नाही. सोनाराच्या काट्यावर कळतं. आमच्या ओळखीचे सराफ आहेत, माझ्याकडेच त्यांचे दात आहेत म्हणा ना. त्यांनी काचेच्या पेटीचं दार उघडून काळं कार्बनचं पातं ताटलीवर आडवं ठेवलं, दार लावलं, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरला. दुसरं पातं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, ‘डॉक्टरताई, घट किती धरायची?’ 

घट नव्हतीच, वाढ करायची होती. हलक्या पात्याला पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. पण कुठे लावायचा हा खरा प्रश्न. दोन पाती वजनाला सारखी असून भागत नाही. त्यांचा गुरुत्वमध्यही मुळापासून सारख्याच अंतरावर हवा. त्यासाठी पातं सुरीच्या पाठीवर आडवं तोलायचं, तोल सापडला की खडूची खूण करायची, दोन्ही पाती शेजारी ठेवून खुणा जुळवायच्या. एकाचा मध्य आत असेल तर पट्टी टोकाकडे, बाहेर असेल तर मुळाकडे. नंतर वजन पुन्हा. सराफांना हा खेळ आवडला. त्यांच्या दुकानात वजन ही भांडणाची वस्तू असते. निव्वळ दोन वजनं एकमेकांसारखी व्हावीत, एवढ्यासाठी कुणी तासभर बसतं हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पैसे घेतले नाहीत. चहा पाजला.

नंदुरबारात या यंत्राचा सुटा भाग मिळेल असं दुकान माझ्या माहितीत नाही. सुरत रेल्वेने तीनेक तासांवर, तिथे हिऱ्यांच्या कारखान्यांमुळे भिंगं आणि नाजूक हत्यारं मिळतात. भाग मात्र कुरिअरनेच मागवावे लागतात, आणि कुरिअर कधी यायचं ते त्याच्या मर्जीवर. सुरुवातीला ही अडचण वाटायची. आता मी याला अडचण म्हणत नाही. हाताशी भाग असता तर मी तो बदलून मोकळी झाले असते. भाग नसतो म्हणून जुना उघडून बघते. बेअरिंग धुते, तेल देते, परत बसवते, महिनाभर चालवते. गावात जे आहे त्यातून चालवायचं असल्याने या यंत्राने मला गाव नव्याने दाखवलं: सराफ, घड्याळजी, पंपाच्या मोटारी भरणारे, सायकलच्या आऱ्यांवर आटे पाडून देणारा एक म्हातारा. हे सगळे कमी-अधिक प्रमाणात त्या यंत्रात आहेत.

एकदा ते पडलं. कमरेएवढ्या उंचीवरून, पण पडलंच. पात्यांचा कोन बदलणाऱ्या एका बॉल लिंकचं प्लॅस्टिक झिजून ढिलं झालं होतं, ती हवेतच निसटली, आणि पंख्याचा एक कोपरा कुणाचं ऐकेना. आडवं झालं, पाती जमिनीला लागली, शेपटीच्या नळीवर एक तडाखा बसला. सगळं मिळून दोन सेकंद. त्यानंतरचे कित्येक रविवार मी जितक्या समाधानात घालवले तितके एरवी घालवले असतील असं वाटत नाही.

पडलेलं हेलिकॉप्टर तपासताना डोळ्यावर विश्वास ठेवायचा नसतो. दांडा डोळ्याला सरळच दिसतो. माझ्याकडे दातांचं सिमेंट कालवायची जाड काच आहे, अगदी सपाट. तिच्यावर मुख्य दांडा ठेवायचा, बोटाने हळूच लोटायचा, आणि डोळा काचेच्या पातळीला आणून दांड्याखालची उजेडाची फट बघायची. सरळ दांडा शांतपणे गडगडत जातो. वाकडा असेल तर फट उघडझाप करते. मुख्य दांडा सरळ निघाला. फेदरिंग शाफ्ट म्हणतात ती दोन्ही पात्यांच्या मुठींमधून आरपार जाणारी सळई, तीही डोळ्याला निर्दोष. काचेवर मात्र तिने उघडझाप केली. केसाएवढी. ती ठोकून सरळ करायची नसते. पोलाद एकदा वाकलं की त्याला वाकायची सवय लागते. बदलायचीच.

मग मुख्य चाक. पांढऱ्या प्लॅस्टिकचं, दीडशे दात्यांचं. मोटारीवरच्या पिनियनला तेरा. दीडशे दाते माझ्यासारखीला जिव्हाळ्याचा विषय. एकेक दाता भिंगाखाली तपासला. एक मुळाशी चिरला होता, दात चिरतो तसाच, वरून धडधाकट. नवं चाक बसवल्यावर दात्यांची मिठी किती घट्ट ठेवायची याचा पंथात एक सांप्रदायिक उपाय आहे: दोन्हींच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटार आवळायची, पट्टी काढून घ्यायची, तिच्या जाडीएवढी मोकळीक राहते. मी पट्टी वापरते ती आर्टिक्युलेटिंग पेपरची. दातात भरलेलं सिमेंट कुठे उंच राहिलंय हे बघायला आम्ही रुग्णाला जो निळा कागद चावायला देतो तो. चाक हाताने एक फेरा फिरवलं की पांढऱ्या दात्यांवर निळे ठसे उठतात. ठसा दात्याच्या पूर्ण रुंदीवर असेल तर बसवणूक नीट. एकाच कडेला असेल तर मोटार तिरकी. हा उपाय मला कुणी शिकवला नाही आणि मी तो कुणाला सांगायला गेले तर हसतील, पण याच्याइतका खरं बोलणारा साक्षीदार मला माहीत नाही.

आणि थ्रस्ट बेअरिंग. दोन चकत्या, मध्ये गोळ्यांची कडी. दोन्ही चकत्या दिसायला सारख्या, पण एकीचं भोक किंचित मोठं असतं. मोठ्या भोकाची आत, मधल्या डोक्याकडे. लहान भोकाची बाहेर, स्क्रूच्या बाजूला. उलटी बसली तरी यंत्र जुळतं, फिरतं, काही मिनिटं उडतंसुद्धा. मग त्या चाळीस-पन्नास किलोच्या ओढ्याखाली चकती दांड्याला घासायला लागते. भोकातला फरक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा. मी तो प्रोबच्या टोकाने बघते, दातातली कीड बघते त्याच प्रोबने. स्क्रूला निळं लॉकटाइट लावायचं, थेंब नव्हे, थेंबाचा डाग. हे चिकट द्रव्य आट्यांमध्ये घट्ट होतं आणि थरथरीने स्क्रू सुटू देत नाही. बेअरिंगमध्ये गेलं तर मात्र बेअरिंगच धरून बसतं.

सगळं जुळलं. तरीही पुन्हा फिरवलं तेव्हा शेपटीचं उभं पातं थरथरून दुहेरी दिसायला लागलं. साहजिकच मनात आलं, शेपटीत बिघाड. शेपटीचा पंखा मुख्य पंख्याच्या चौपटीहून जास्त वेगाने फिरतो, तिथली बेअरिंगं आधी जातात हे ठरलेलंच. शेपूट उघडली. निर्दोष. दवाखान्यात रोज मी हेच अनुभवते. माणूस कान धरून येतो, कानाच्या डॉक्टरकडून परत पाठवलेला असतो, आणि दोष निघतो खालच्या दाढेत. वरचा दात दाखवतो, कीड खाली असते. दुखणं जबड्याची मधली रेघ तेवढी ओलांडत नाही. बाकी ते कुठूनही कुठेही जातं. हेलिकॉप्टरची थरथर शेपटीला दिसते कारण शेपूट सगळ्यात लांब, तिच्या टोकाला हालचाल मोठी होते. उगम डोक्यात होता. पात्यांच्या मुठी धरून ठेवणाऱ्या रबरी चकत्यांपैकी एक पडल्याच्या धक्क्याने आतून फाटली होती.

‘इथे दिसतं म्हणजे इथे आहे’ हा समज या यंत्राला मुळातच मान्य नाही. फिरत्या चकतीला एका जागी ढकललं तर ती तिथे झुकत नाही, फिरण्याच्या दिशेने पाव फेरा पुढे जाऊन झुकते. हेलिकॉप्टरचं नाक खाली करायचं असेल तर पात्याचा कोन नाकाशी किंवा शेपटीशी नाही, बाजूला बदलावा लागतो. स्वॉशप्लेट नावाची ती दुहेरी थाळी, तिला तीन बाजूंनी ढकलणाऱ्या तीन सर्वो मोटारी आणि वरच्या सगळ्या लिंका, यांचा अर्धा खटाटोप हा पाव फेरा सांभाळण्यासाठी आहे. हे समजलं त्या संध्याकाळी मी रिमोटची काठी पुढेमागे करत, पाती काढलेल्या पंख्याच्या मुठी कशा वळतात ते बघत बसले होते. स्वयंपाक राहिला.

लहान प्रतिकृतीला हा पाव फेरा शिकवणं मोठ्या यंत्रापेक्षा सोपं नव्हतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आर्थर यंग नावाच्या माणसाने बारा-एक वर्षं लहान हेलिकॉप्टरं केली, मोडली, पुन्हा केली. पंख्याला काटकोनात एक आडवी दांडी, तिच्या टोकांना वजनं: ती दांडी आपली पातळी सोडत नाही आणि पात्यांना सावरून घेते, ही त्याची युक्ती. १९४१ साली तो आपलं तारेने चालणारं मॉडेल घेऊन बेल कंपनीकडे गेला, आणि त्यातून बेल-४७ झालं. ८ मार्च १९४६ रोजी त्याला नागरी वापराचा परवाना मिळाला, हेलिकॉप्टरांत पहिला. म्हणजे प्रतिकृती आधी आणि मूळ यंत्र नंतर, असा हा उलटा वंशवृक्ष. पुढे स्टॅन्ली हिलरने वजनांऐवजी लहान वल्ही लावली. १९७० च्या सुमाराला जर्मनीत डिटर श्लूटरने रेडिओवर चालणारं, खरोखर ताब्यात राहणारं मॉडेल हेलिकॉप्टर उडवून दाखवलं, तेही त्या दांडीच्या जोरावर. भाच्याच्या यंत्रावर ती दांडी आहे. हल्लीच्या यंत्रांतून ती गेली. तिचं काम काडेपेटीहून लहान इलेक्ट्रॉनिक डबी करते. नवी यंत्रं जास्त चपळ, यात वाद नाही. पण डबी बिघडली की ती फेकून दुसरी घ्यायची, एवढंच माणसाच्या हाती उरतं. दांडी वाकली तर दिसते, सैल झाली तर बोटाला लागते. मला दांडीवालं बरं.

उडवायला जागा म्हणजे मिरचीच्या पथाऱ्या. नंदुरबारबाहेर मैलभर पसरलेल्या या मोकळ्या जमिनींवर हिवाळाभर लाल मिरची वाळत घातलेली असते. दुरून बघणाऱ्याला रंगाचं कौतुक, जवळून जाणाऱ्याच्या नाकातोंडाला पदर. हंगाम उरकला की जमीन मोकळी, सपाट, दगडगोटे वेचलेली. कुणालाही मोहात पाडील अशी. भाचा सुट्टीवर आला होता तेव्हा आम्ही तिथे गेलो. पंखा वेगात आला, यंत्र गुडघाभर वर उचललं आणि त्याखालच्या वाऱ्याने महिनोन्‌महिने मातीत मुरलेली मिरचीची पूड, बिया, देठांचा भुगा, सगळं एकदम उसळलं. भाचा शिंकत शिंकत काठ्या सांभाळतोय, माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि बाजूला जमलेली पोरं खोकता खोकता टाळ्या वाजवतायत. त्यातल्या एकाने धीर करून जवळ येऊन विचारलं, ‘बाई, कोणता मंत्री येऊन राहिला?’

त्याचं चूक नव्हतं. आमच्या जिल्ह्याला विमानतळ नाही. हेलिकॉप्टर दिसलं म्हणजे कुणीतरी मोठं माणूस आलं, असंच समीकरण. टेंभलीसारख्या लहानशा गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आले, देशातली आधार योजना तिथून सुरू झाली. निवडणुका आल्या की सातपुड्याच्या पायथ्याशी मैदानांवर चुन्याचे गोल उमटतात. मोठ्या हेलिकॉप्टरचा वारा इथल्या लोकांनी दुरून खाल्लेला आहे, दोरीच्या पलीकडे उभं राहून. म्हणून असेल, या छोट्याला हात लावू दिला की म्हातारी माणसंसुद्धा हरखतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत, एका अंगाला घोड्यांचा बाजार भरलेला असताना, दुसऱ्या अंगाला खेळण्यांच्या दुकानांत दोन पंखे एकावर एक असलेली चिमुकली हेलिकॉप्टरं मिळतात. दोन पंखे उलटसुलट फिरतात, त्यामुळे त्यांना शेपटीच्या पंख्याची खरी गरजच नसते. ती बिचारी आठवडाभरात माझ्याकडे येतात. बहुतेकांची शेपटीची तार तुटलेली असते किंवा नखाएवढी बॅटरी मेलेली. डाख देऊन तार जोडते. ‘हाई उडस का आते?’ असं विचारत पोर दाराशी उभं असतं, आणि आता उडतं हे त्याच्या हातात देऊन दाखवावं लागतं.

उडवायचे महिने इथे मोजकेच. जानेवारीत गुजरातच्या शेजाराने आकाशभर पतंग. मांजा एकदा दांड्याला गुंडाळला की बेअरिंगच्या आत जाऊन बसतो. कोरड्या थंडीत शेपटीचा रबरी पट्टा कप्प्यांवर घासून वीज साठवतो, तिच्या ठिणग्यांनी शेपूट स्थिर ठेवणारा जायरो बिथरतो आणि शेपूट उगाच झटके देते. नळीपासून मोटारीच्या अंगापर्यंत एक बारीक तार जोडली की थांबते. पावसाळ्यात चिखल. आणि उन्हाळा तर उन्हाळाच. त्रेचाळीस अंशांना हवा विरळ होते, पंख्याला धरायला कमी उरतं. मी एकदा आकडे मांडून पाहिले. मे महिन्याच्या दुपारी नंदुरबारची हवा आणि हिवाळ्यात साडेअकराशे मीटर उंचीवरच्या तोरणमाळची हवा यांच्या घनतेत अगदी थोडा फरक निघाला. तोरणमाळला लोक यशवंत तलावाकाठी शाल पांघरून बसतात, इथे आपण ओल्या पंचाने डोकं बांधून. हेलिकॉप्टरला दोन्ही जागा जवळजवळ सारख्या. बॅटरीला मात्र नाहीत. लिथियम पॉलिमरची बॅटरी गाडीत उन्हात राहिली तर फुगते, आणि फुगलेली परत बसत नाही. साठवायची तर पूर्ण भरून नाही, पूर्ण रिकामीही नाही. दर घटाला ३.८ व्होल्टच्या आसपास, निम्म्या पोटावर. माझ्या बॅटऱ्या वाळूने अर्ध्या भरलेल्या मडक्यात, दवाखान्याच्या सगळ्यात गार कोपऱ्यात असतात.

एक गोष्ट मी पथारीवर जमणाऱ्या पोरांना दर वेळी सांगते, आणि सांगताना आवाज चढवते. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावी चोवीस वर्षांच्या एका तरुणाने स्वतः बनवलेल्या, माणूस बसेल अशा हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेतली. शाळा अर्ध्यात सुटलेली, वेल्डिंगच्या कामात हात बसलेला. मागचा पंखा तुटला, तो मुख्य पंख्यावर आदळला, आणि त्या पात्याचा तडाखा डोक्यात बसून तो गेला. त्या मुलाबद्दल अनेकांनी ‘वेडं धाडस’ असा शेरा मारला. मला तसं म्हणवत नाही. ज्या हातांनी हे सगळं जुळवलं ते हात मला ओळखीचे वाटतात. पण पात्याच्या टोकाचा वेग काय करतो हे मला आकड्यांतून माहीत आहे आणि जबड्याची हाडं जोडताना डोळ्यांनीही. माझ्या टेबलावर मोटार तपासायची तर पाती आधी काढून कपाटात जातात. मैदानावर यंत्र आणि माणसं यांच्यात अंतर ठेवून, डोळ्यावर चष्मा लावून, मगच बॅटरी जोडायची. कुणी कितीही हसो.

शेपूट अजून पूर्ण शहाणी झालेली नाही. थरथर गेली, पण तरंगत ठेवलं की शेपूट कुत्र्यासारखी डावी-उजवी हलते, हळूहळू, न थांबता. जायरो जास्त संवेदनशील ठेवला की असं होतं म्हणतात. कमी करून पाहिला. लिंक कुठे अडकते का, सर्वोच्या दात्यांत खेळ आला का, पट्टा सैल का. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या दुकानात नेलं. उन्हाळ्यात तिथे जळालेल्या सबमर्सिबल मोटारींची रांग असते, तांब्याच्या तारेची भेंडोळी, वार्निशचा वास. तिथल्या काकांनी पाती नसलेल्या यंत्राच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला मोटार चालू करायला सांगितलं. मिनिटभर डोळे मिटून ऐकलं. ‘मोटार ठणठणीत आहे. मागं कुठंतरी कोरडं चालतंय.’ कोरडं म्हणजे शेपटीच्या पंख्याचा कोन बदलणारी ती पितळी सरकती नळी. धुतली, तेल दिलं. निम्मं थांबलं. उरलेलं निम्मं माझ्याकडे आहे, आणि मी त्याला घाई करत नाहीये.

याच काकांनी परवा एकाला माझ्याकडे धाडलं. शहाद्याकडचा तरुण, पपई आणि उसावर ड्रोनने फवारणी करून देण्याचा धंदा. २०२१ च्या ड्रोन नियमांतले वजनाचे वर्ग, परवाने, कुठे किती उंच, सगळं तोंडपाठ. ड्रोनच्या एका मोटारीची बेअरिंगं औषधाने खाल्ली होती. कंपनीकडे पाठवली तर हंगाम हातचा जाणार. ‘काका म्हणाले डॉक्टरबाईंकडं बारीक चिमटे आहेत.’ आहेत. मोटार उघडली, गंजलेलं बेअरिंग काढलं, त्या मापाचं दुसरं योगायोगाने माझ्या डबीत निघालं. तोवर तो टेबलावरच्या हेलिकॉप्टरभोवती फिरत होता. त्याच्या यंत्रात स्वॉशप्लेट नाही, लिंका नाहीत, पात्यांचा कोन बदलत नाही. मोटारींचे वेग कमी-जास्त करून सगळं भागतं. हुशार यंत्र आहे, यात शंका नाही, आणि त्याने शेतकऱ्याच्या पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवला हे मोठं काम.

‘एवढ्या लिंका?’ तो बोटाने मोजायला लागला आणि मध्येच थांबला. ‘आणि पडलं की हे सगळं परत करायचं?’

‘सगळं.’

‘आमचं बरंय. मोटार गेली, मोटार बदलली. दहा मिनिटांचं काम.’

मी त्याची मोटार बोटाने फिरवून पाहिली, कानाशी धरून ऐकली आणि त्याला दिली. विचारलं, ‘मग रविवारी काय करतोस?’

‘झोपतो,’ म्हणाला.